महेश्वर : दोन भिंगे आणि एक रिकामी चौकट

महेश्वरास आजवर किती वेळा जाणे झाले, याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला महेश्वर हे प्रवासाचे ठिकाण वाटतच नाही. ते आजोळासारखे असते. पाहुणे आले की त्यांना घेऊन जावयाचे, घाटावर पाय सोडून बसावयाचे, अहिल्याबाईंच्या वाड्यातील साध्या गादीपुढे मस्तक नमवावयाचे आणि दिवेलागणीला परत फिरावयाचे. अंतर सारे नव्वदएक किलोमीटरांचे. परंतु २०२५ च्या दिवाळीच्या सुटीतील आमची खेप निराळी होती. या खेपेस आमच्यासोबत ऐंशी वर्षांची आमची आई होती, आणि खांद्यावरील पिशवीत दोन दिवसांच्या भाड्याने आणलेली दोन भिंगे होती.

भिंगांची हकीकत आधी सांगावयास हवी. आमचे वडील १९७७ साली आम्हां सर्वांना महेश्वरास घेऊन गेले होते. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. वडिलांजवळ बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक-३’ हा कॅमेरा होता. एका रोळात बारा चित्रे निघत आणि ती बाराही अत्यंत विचारपूर्वक काढली जात. त्या बारांपैकी अकरा आजही आमच्या घरच्या अल्बममध्ये आहेत. बाराव्याच्या जागी काळ्या जाड कागदावर चार कोपरे तेवढे चिकटवलेले असून खाली वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘राजराजेश्वर. अखंड दीप. सौ. दर्शन घेताना.’ ते चित्र उतरलेच नाही. पट्टी धुऊन आली तेव्हा त्या जागी काही उमटलेलेच नव्हते. तरीही वडिलांनी जागा राखून ठेवली. पुन्हा जाऊ तेव्हा काढू, असे ते म्हणत. तो योग त्यांच्या हयातीत आला नाही.

गतवर्षी आमच्या कन्येने आपला जुना कॅमेरा आम्हांस दिला. तो ‘मिररलेस’ जातीचा, निकॉनचा, चोवीस मेगापिक्सेलचा. दिला तो मात्र भिंगाविना. “बाबा, देह मी दिला आहे, डोळा तुम्ही निवडा,” असे ती म्हणाली. वाक्य गोड होते. पण त्या वाक्याने आमच्या तीन महिन्यांच्या झोपेचे खोबरे केले. कारण या डोळ्याची किंमत पाहू गेल्यास ती देहाहून अधिक निघाली!

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. पूर्वीच्या एस.एल.आर. कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे तिरपा आरसा असे. तो प्रतिमा वर काचेकडे परावर्तित करी आणि कळ दाबताच खाडकन उचलला जाई. त्याच्यासाठी जागा राखावी लागे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक आणि फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर होते. आरसा गेल्यावर नव्या झेड मालिकेत ते १६ मिलिमीटरांवर आले, आणि बैठकीचे तोंड ५५ मिलिमीटर रुंद झाले. भिंगे घडविणाऱ्यांस यामुळे मोठे स्वातंत्र्य मिळाले. नव्या भिंगांतून चित्राचे कोपरेही मध्याइतके रेखीव येऊ लागले, त्याचे एक कारण हे आहे.

आता प्रश्न असा की कोणते भिंग घ्यावे? लग्न, सभा, वार्तांकन अशी कामे करणारे व्यावसायिक एका भिंगास ‘स्टँडर्ड झूम’ म्हणतात. २४ ते ७० मिलिमीटर हा त्याचा पल्ला. २४ वर सुमारे ८४ अंशांचा देखावा चौकटीत मावतो, म्हणजे अख्खा सभामंडप येतो. ७० वर ३४ अंशांचा, म्हणजे एका माणसाचा चेहरा आणि खांदे नीट बसतात. कल्पना जुनीच. सामान्य छायाचित्रकाराच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग १९५९ साली फोग्टलेंडर कंपनीने ‘झूमर’ या नावाने आणले; तेही ३६ ते ८२ पल्ल्याचे आणि एफ २.८ चेच होते.

हे ‘एफ २.८’ प्रकरण आम्ही सातवीच्या वर्गाला अपूर्णांकाच्या तासाला शिकवू शकतो, इतके सोपे आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. ७० ला २.८ ने भागा, उत्तर २५ मिलिमीटर. तेच ७० ला ४ ने भागा, उत्तर १७.५. व्यासांचे वर्ग करून पाहिले तर पहिल्या छिद्राचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या दुप्पट भरते. म्हणजे एफ २.८ चे भिंग एफ ४ च्या भिंगापेक्षा दुप्पट उजेड आत घेते. वडिलांच्या क्लिक-३ चे छिद्र एफ ८.८ चे होते. त्याच्याशी तुलना केली तर जवळजवळ दसपट. राजराजेश्वराच्या मंदिरात त्या चौकटीवर काही का उमटले नाही, हे कोडे आम्हांस अठ्ठेचाळीस वर्षांनी या गणिताने उलगडले. चूक वडिलांच्या हाताची नव्हती. उजेडच पुरेसा नव्हता.

आमच्यापुढे दोन भिंगे होती. एक निकॉनचे २४-७० एफ २.८, २०१९ साली निघालेले, वजन ८०५ ग्रॅम. दुसरे त्याच घराण्यातील २४-१२० एफ ४, २०२१ साली निघालेले, वजन ६३० ग्रॅम. पहिल्यात उजेड अधिक, दुसऱ्यात लांबचे जवळ आणण्याची शक्ती अधिक. दोहोंच्या वजनात १७५ ग्रॅमचे, म्हणजे आजीच्या हिशेबात बरोबर पंधरा तोळ्यांचे अंतर. आणि किमतीत जवळजवळ दुपटीचे. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने असा खर्च जाहिरातीतील गुणवर्णनावर विसंबून करू नये, असे सौभाग्यवतींनी सुचविले. ‘सुचविले’ हा शब्द आम्ही सौजन्याने वापरीत आहो. त्यांच्याच सांगण्यावरून दोन्ही भिंगे भाड्याने आणली. परीक्षा कोठे घ्यावयाची, हे मात्र आईने ठरविले. ती म्हणाली, “अरे, गुडघे चालताहेत तोवर मला एकदा महेश्वरला ने. मोतीबिंदूनंतर मी राजराजेश्वराचे दिवे नीट पाहिलेलेच नाहीत.”

भाऊबीज आटोपल्यावर निघालो. महूवरून जाम दरवाजाच्या वाटेने गेलो. अहिल्याबाईंच्या काळातील हा दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर उभा आहे. त्याच्या कमानीखाली उभे राहिले म्हणजे पायांखालची भूमी एकाएकी संपते आणि खाली निमाडचा प्रदेश धुक्यात पसरलेला दिसतो. येथे दोन्ही भिंगे २४ वर लावून पाहिली. सकाळच्या लख्ख उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोहोंच्या चित्रांत भेद करणे आम्हांस शक्य झाले नाही. ऊन भरपूर असेल तर दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही, हा पहिला धडा.

महेश्वरास पोहोचताच आईला किल्ल्याच्या तटावर सावलीत बसविले. घाटाच्या इतक्या पायऱ्या उतरणे तिला झेपणारे नव्हते. आम्ही खाली उतरलो. नर्मदा संथ वाहत होती. प्रवाहाच्या मधोमध बाणेश्वराचे छोटे देऊळ, पलीकडच्या तीरावर झाडी, अलीकडे कपडे धुणाऱ्या बाया, आणि मागे विठोजी होळकरांची छत्री व अहिल्येश्वराचे शिखर. १७६७ पासून १७९५ पर्यंत ज्या बाईंनी येथून राज्य चालविले, त्यांच्या वास्तूंत भपका नाही, पण दगडाचा एकही कोपरा कारागिराने रिकामा सोडलेला नाही. येथे २४-१२० ने बाजी मारली. बाणेश्वराचे देऊळ त्याने हाताशी आणून ठेवले. तटावर बसलेली आई आम्हांस खालून ठिपक्याएवढी दिसत होती. १२० वर लावताच तिचा चेहरा, नाकावर घसरलेला चष्मा आणि मांडीवरची कापडी पिशवी स्पष्ट दिसली. ती घाटाकडे पाहून हसत होती. ७० वर तेच चित्र दूरचे राहिले. आमचे मन एफ ४ कडे झुकले, आणि पैसे वाचल्याच्या आनंदात आम्ही वर येऊन सर्वांना कचोरी खाऊ घातली.

दुपारी विणकरांच्या वस्तीत गेलो. आईने त्या दिवशी मुद्दाम १९७७ साली वडिलांनी येथेच घेऊन दिलेली माहेश्वरी नेसली होती. घरात शिरताच मागावर बसलेल्या बाईने आधी आमच्याकडे नव्हे, तर आईच्या काठाकडे पाहिले. “माँजी, ही तर चटाई किनार!” ती आपल्या बोलीत म्हणाली. मग तिने आईला शेजारी बसवून ईंट, लहर, चटाई या किनारी दाखविल्या. हे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीव कामावरून धाग्यांत उतरले, असे येथे सांगतात. सकाळी पाहिलेल्या भिंती आठवल्या की ते पटते. पदरावरचे पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही माहेश्वरीची खूणही तिने बोटाने मोजून दाखविली.

खोलीत उजेड एका लहान खिडकीचा. धोटा डावीकडून उजवीकडे पळत होता. एफ ४ चे भिंग लावून आम्ही वेग सेकंदाच्या १२५ व्या भागावर ठेवला, तेव्हा कॅमेऱ्याने आपली संवेदनशीलता, म्हणजे आय.एस.ओ., १२,८०० पर्यंत चढविली आणि चित्रात रवाळपणा आला. एफ २.८ ने तेच काम ६,४०० वर होणार होते. येथे पुष्कळ जण एक गफलत करतात, ती सांगितली पाहिजे. आजच्या कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषून घेण्याची सोय असते. मग एफ ४ असले म्हणून काय झाले, असे दुकानदार म्हणतात. ती सोय आपल्या हाताचा कंप थोपविते; विणकराचा हात थोपवीत नाही. देव आणि दगड स्थिर असतात, तेथे ती उपयोगी. मुले, नर्तक, विणकर यांच्यासाठी उजेडच हवा.

म्हणून आम्ही भिंग बदलावयास घेतले. मिररलेसमध्ये भिंग काढताच आतील संवेदक उघडा पडतो, पुढे आरसाही नसतो; धूळ बसू नये म्हणून पाठ फिरवून, कॅमेरा खाली तोंड करून, जपून हे काम करावे लागते. आम्ही ते शिस्तीने केले. वळून पाहतो तो आईने आपला हात ताण्याच्या धाग्यांवर अलगद ठेवला होता, आणि ती विणकर बाई तो हात धरून धागा कसा चाचपावा हे तिला शिकवीत होती. दोघींच्या कपाळांत वीतभर अंतर होते. आम्ही कॅमेरा डोळ्याशी नेईपर्यंत आईने हात काढून घेतला. “आता पुन्हा कर ना,” असे म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाही, आणि झाला असता तरी ते चित्र तसे उतरले नसते.

त्या क्षणी आमच्या मनातील तराजू हलला. दोन भिंगे बाळगू, उजेडासाठी एक आणि पल्ल्यासाठी एक, हा जो मधला मार्ग आम्ही मनाशी योजला होता, तो मिटला. जे भिंग कॅमेऱ्याला लावलेले असते तेच खरे. मग लावून ठेवावे असे एकच भिंग कोणते?

सायंकाळी राजराजेश्वराच्या मंदिरात गेलो. येथे तुपाचे अकरा दिवे अखंड तेवत असतात. आम्ही पुजारीबुवांना आधी विचारले. सभामंडपात बसलेल्या आईचे चित्र घेण्यास हरकत नाही, मात्र लखलखाट करू नका, असे त्यांनी सांगितले. या वेळी एफ २.८ चे भिंग लावलेलेच होते. आई खांबाला टेकून बसली. बराच वेळ तिने डोळे मिटलेले होते. मग उघडले आणि दिव्यांच्या दिशेला पाहत ती हळू आवाजात मोजू लागली : एक, दोन, तीन... अकरापर्यंत आली आणि थांबली. आम्ही कळ दाबली. सेकंदाचा साठावा भाग, आय.एस.ओ. ६,४००. चेहऱ्याच्या एका बाजूस दिव्यांचा पिवळा उजेड, दुसरी बाजू अंधारात, आणि काठावरची चटाई ओळखू येईल इतकी स्पष्ट.

खरे सांगावयाचे तर नंतर एफ ४ नेही चित्र घेऊन पाहिले, आणि तेही आले. थोडे अधिक रवाळ, पण आले. आई स्थिर बसली होती. तेव्हा देवळातल्या दिव्यांसाठी एफ २.८ अपरिहार्य आहे, असे आम्ही लिहिले तर ते असत्य होईल. वडिलांच्या आणि आमच्या काळात जे अंतर पडले, त्यात भिंगाइतकाच वाटा कॅमेऱ्यातील संवेदकाचा आहे. आमचा निर्णय देवळाने केला नाही, विणकराच्या खोलीने केला. शिवाय रात्री धर्मशाळेत कागदावर एक हिशेब मांडला. ७० वर काढलेले चित्र नंतर कापून १२० इतके जवळचे करावयाचे, तर चोवीसपैकी सुमारे आठ मेगापिक्सेल उरतात. तेवढ्यात बारा इंच लांब आणि आठ इंच रुंद छपाई उत्तम होते. अल्बमला आणि मासिकाला याहून अधिक लागत नाही. म्हणजे पल्ला कमी पडला तर नंतर भरून काढता येतो. धोट्याबरोबर धावणारा हात मात्र एकदा पुसट आला की पुसटच राहतो. आमच्या घरची चित्रे बहुधा घरातच निघतात : बारशी, मुंजी, गणपती, ट्यूबलाइटच्या उजेडातील पंगती. त्यांसाठी एफ २.८. ज्यांचा बहुतेक प्रवास उन्हातला, डोंगरदऱ्यांचा आहे, त्यांनी मात्र खुशाल एफ ४ घ्यावे. पंधरा तोळे ओझे आणि निम्मे पैसे वाचतील.

ज्यांच्या घरी अन्य कंपन्यांचे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सोनीचे २४-७० एफ २.८ प्रथम २०१६ साली ८८६ ग्रॅमचे निघाले. २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे. कॅननचे २०१९ चे भिंग ९०० ग्रॅमचे, पण त्यात कंप थोपविण्याची सोय भिंगातच आहे. टॅमरॉनचे सोनीसाठीचे २८-७५ एफ २.८ अवघे ५४० ग्रॅमचे आणि स्वस्त. त्यात २४ ऐवजी २८ पासून आरंभ होतो. चार मिलिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतात, परंतु वाड्याच्या चौकात पाठ भिंतीला लागल्यावर ८४ आणि ७५ अंशांतला फरक कळतो.

किमतीचा प्रश्न उरला होता. तो जुन्या ग्रंथांच्या बाजाराच्या न्यायाने सुटला. निकॉनने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या २४-७० एफ २.८ ची ६७५ ग्रॅमची दुसरी आवृत्ती जाहीर केली. दुसरी आवृत्ती निघाली की पहिलीच्या जुन्या प्रती विक्रीस येतात. आम्ही तशीच एक वापरलेली प्रत घेतली. घेताना काय पाहिले, ते सांगतो. भिंगातून विजेरीचा झोत टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. आपल्या पावसाळ्यात तिचे भय मोठे. झूमचे कडे दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता फिरावे. विटांच्या भिंतीसमोर किंवा भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रासमोर सरळ उभे राहून चित्र घ्यावे आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. एकच कोपरा अंधुक असेल तर भिंग कधीतरी पडलेले आहे असे समजावे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे, पण फार दिवस कोंडून ठेवू नये. वापरातले भिंग आणि वापरातले पुस्तक, दोन्ही टिकतात.

या इंदुरात १८६६ साली लाला दीनदयाळ बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने छायाचित्रकार झाले. पुढे हैदराबादेस ते निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांना काचेच्या जड पट्ट्या घेऊन हिंडावे लागे. आपल्या हाती आज जे आहे त्याचे ओझे वाटू लागले म्हणजे आम्ही त्यांचे स्मरण करतो.

मंदिरातील ते चित्र छापून आणले. अल्बम काढला. बाराव्या पानावरचे चार कोपरे अठ्ठेचाळीस वर्षांत पिवळे पडले होते. चित्र त्यांच्याच मापाचे कापून आणले होते. आम्ही ते बसवू लागलो, तोच आईने आमचा हात धरला.

“ती जागा त्यांची आहे,” ती म्हणाली. “तिथं नको. हा शेजारच्या पानावर लाव.”

आम्ही तसेच केले. आता अल्बम उघडला की डावीकडे वडिलांची रिकामी चौकट आणि त्यांचे अक्षर दिसते, आणि उजवीकडे दिव्यांच्या उजेडात बसलेली आई. उजव्या पानावर खाली काय लिहावे, हे आईला विचारले. तिने चष्मा सारखा केला, पेन मागून घेतले आणि स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिले : ‘अकरा मोजले.’